सी आणि डीच्या मधला धुरा

आधी चहा घ्या, मग ऐका. ही गोष्ट रागाची आहे, आणि राग माझा आहे. माझ्या रागानं आजवर एक तलाठी, दोन सरपंच आणि गावचा मोकाट वळू, सगळ्यांना रस्ता बदलायला लावला. पण गेल्या साली त्याच रागानं मला लातूरच्या एका कॉलेजात, शिकल्यासवरल्या माणसांसमोर असं तोंडघशी पाडलं, की अजून फाट्यावर लातूरची एसटी थांबली की मी तोंड फिरवून उभी राहते.

आणि कशापायी? एका काळ्या डब्ब्यापायी!

माझी नात वैष्णवी लातूरला कॉम्प्युटरचं शिकत होती. तेव्हा तिचं शेवटचं साल होतं. आमचं गाव लोह्याजवळ, रस्त्याच्या अंगाला. इकडं तोंड केलं की नांदेड, तिकडं तोंड केलं की लातूर. तर ह्या पोरीला कॉलेजातून एक काम दिलं होतं, प्रोजेक्ट म्हणतात त्याला. मशीनला सोयाबीनचं पान दाखवायचं आणि मशीननं सांगायचं की पानाला रोग कोणता. मी म्हणलं, बाई, मला दाखव ना, मी इथं बसून सांगते, तेही लाइट नसताना. पण न्हाई. मशीननंच सांगायला पाहिजे.

त्यासाठी पोरगी दोन महिने रानारानानं हिंडून पानाचे फोटो काढून राहिली होती. एकेका पानापुढं उकिडवी बसायची आणि पान उलटं करून फोटो, सुलटं करून फोटो. बाया मला येऊन हळूच विचारायच्या, काकू, पोरगी बरी हाय न्हवं? हजारानं फोटो झाले. ते सगळे घरच्या कॉम्प्युटरात घातले. हा कॉम्प्युटर म्हणजे एक स्क्रीन, एक बटणांची पाटी आणि तो काळा डब्बा. वापरलेला होता, पण चालू होता. माझ्या जावयांनी दिलेला. जावयांचं नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

सोमवारी लातूरला परीक्षा. बाहेरून मॅडम येणार, त्यांच्यासमोर पान दाखवायचं, मशीननं रोग सांगायचा. कॉलेजातल्या मशीनवर तिचं काम चालेना, म्हणून सरांनी सांगितलं होतं, तुझाच डब्बा घेऊन ये. डब्बा चालला तर पोरगी पास. न्हाई चालला तर साल गेलं. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं मी सांगते.

आठ दिवस आधी मशीन अडखळायला लागली. वैष्णवी म्हणाली, जागा संपली. मी म्हणलं, एवढ्याशा डब्ब्यात तू अख्खं शिवार कोंबलं, मग काय होणार? तिनं मला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं.

"आजी, आत जागेचे दोन तुकडे हायेत. एक सी, एक डी. सीमधे मशीन सोता राहती, ते ठासून भरलंय. डी खाली पडलंय. मधला धुरा थोडा डीकडं सरकवायचा, म्हंजे सीला जागा होती."

धुरा म्हणजे बांध; मला समजावं म्हणून पोरीनं धुरा म्हणलं. तिथंच चुकली.

कारण दोन रानांच्या मधला धुरा म्हणलं की माझ्या अंगात येतं. माझा धाकटा दीर, देव त्याला सुखी ठेवो पण तिकडंच ठेवो, दर साली नांगरताना आमच्या बाजूचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, त्याच्या रानात घ्यायचा. एकच तास, जास्त न्हाई, इमानदार माणूस. बारा सालात मधली बोर, बोराचं झाड हो, आमच्या हद्दीतून त्याच्या हद्दीत गेली, आणि बोर जागची हलली नव्हती! शेवटी त्या बोरीखाली मी तीन दिवस भाकर बांधून बसले, मोजणीवाला येईस्तोवर. असल्या बाईला तुम्ही सांगता धुरा सरकवायचा?

मी विचारलं, डी कुणाचं आहे? म्हणे, आपलंच. मग त्यात काय ठेवलंय? म्हणे, बाबाच्या लग्नाचे जुने फोटो आणि काही न्हाई. म्हणजे बघा, माझ्या सुभाषच्या लग्नाची जागा काढून सोयाबीनच्या करप्याला द्यायची! मी सांगितलं, हे काम करू नको, धुरा हलवला की घर बसतं. तिनं हो हो म्हणलं आणि जावयांना फोन लावला.

जावयांनी फोनवरून एकेक सांगितलं, तिनं केलं. त्यांनी दिलेला एक पेनड्राइव्ह मागच्या बाजूनं लावला, मशीनला काय काय हुकूम दिले आणि धुरा सरकवायला सुरुवात केली. स्क्रीनवर एक पट्टी मुंगीच्या पायानं पुढं जाऊन राहिली होती. दुपारपर्यंत झालं. मशीन बंद करून चालू केली, चालली. सी मोठं, डी बारीक. पोरगी नाचली. तिनं तो पेनड्राइव्ह काढून ठेवून दिला, मशीन बंद केली आणि जेवायला बसली.

जेवून आली, बटण दाबलं. काळी स्क्रीन. वर पांढऱ्या दोन ओळी इंग्रजी. बस.

मी विचारलं, काय लिहिलंय? तिचं तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, लिहिलंय की चालू व्हायला लागणारं काहीच सापडून न्हाई राहिलं.

मग सापडणार कसं? धुरा हलवला ना! मी एवढं बोलले, एवढं बोलले, की शेजारची गंगूबाई हातातलं निवडायचं सूप घेऊन ओट्यावर येऊन बसली ऐकायला. वैष्णवी रडायला लागली, तेव्हा कुठं थांबले. थांबले म्हणजे पाणी प्यायला थांबले.

फोनवर जावयांनी विचारलं, डब्ब्याला काही जास्तीचं लावलंय का? वैष्णवीनं मागं वाकून बघितलं. स्क्रीनची वायर, पाटीची वायर, उंदराची वायर. न्हाई म्हणाली. ते म्हणाले, मग डब्बा पाठवून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा लेक सुभाष डब्बा गाडीवर बांधून नांदेडला निघाला. निघायच्या आधी मी डब्बा पदरानं पुसला आणि त्याच्या समोरच्या भोकातून माझी भजनं काढून घेतली. माझी भजनं म्हणजे एक बारका पेनड्राइव्ह, नखाएवढा, काळा. मी निवडायला-टिपायला बसते तेव्हा लहान स्पीकरला लावून गावच्या सप्त्यातली भजनं ऐकते. एवढीशी चीज, ठेवायची कुठं? एकदा तुरीच्या डाळीत गेली, एकदा केरात. मग मी बघितलं, डब्ब्याला समोरून एक भोक आहे, त्यात बरोबर बसते. तेव्हापासून विळा कसा कुडाला खोचून ठेवावा, तशी मी ती तिथं खोचून ठेवायची. वरीस झालं असेल. दुसऱ्याच्या दुकानात आपली चीज कशाला पाठवा? म्हणून काढली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळच्या आत जावयांचा फोन. मशीन चालू! त्यांनी मोबाइलवर दाखवलं, स्क्रीनवर आमचं सोयाबीन डोलून राहिलेलं. म्हणाले, मशीन चालू होताना आधी जे वाचते ते खराब झालं असेल, ते पुन्हा लिहिलं. पोरगी खूश, मी खूश. डब्बा घरी आला तेव्हा मी दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. प्रवासातून माणूस आला तर ओवाळतो ना? मग ह्याच्यावर तर पोरीचं साल होतं. डब्बा जागेवर ठेवला, पुसला, माझी भजनं जागेवर खोचली. वैष्णवीनं वायरी लावल्या, बटण दाबलं.

काळी स्क्रीन. पांढऱ्या दोन ओळी.

आता मला सांगा, तुम्हाला कुणाचा राग आला असता? नांदेडला चालते, घरी चालत न्हाई! मला तर लगेच कळलं. जावयांनी तात्पुरतं काहीतरी ठोकून दिलं असणार. पण आमच्यात जावयाला उलटून बोलत न्हाईत. जावई दारात आले की पाय धुवायला पाणी, बसायला सतरंजी, आणि मनात काय असेल ते चुलीत घालायचं. म्हणून मी माझ्या लेकीला, संगीताला, फोन लावला. तिच्यावर ओरडायला मला कोण अडवणार?

मी तिला विचारलं, तुझ्या मालकाला हे काम येतंय का, की नुसती पाटी लावून बसलेत? ती म्हणाली, माय, त्यांनी दुपारचं जेवण सोडून तुझा डब्बा केला. मी म्हणलं, जेवून करायचा होता, नीट झाला असता. तिनं फोन ठेवला. बापाच्या वळणावर गेलेली आहे.

सुभाष पुन्हा नांदेडला. मी पुन्हा भजनं काढून पिशवीत. तिथं पुन्हा चालू! ह्या वेळी जावयांनी आतली कसली तरी वायरपण बदलली. म्हणाले, मीच घेऊन येतो, माझ्या डोळ्यासमोर चालू करून देतो.

शनिवारी दुपारी जावई आले. तीन दिवस मी मनात काय काय घोकून ठेवलं होतं. पण बाहेर काय आलं? "या, या जावईबापू, लई दिवसानं आलात." माझी जीभ म्हणजे मारका बैल, पण जावई दिसला की दावं तोडत न्हाई.

त्यांनी वायरी लावल्या, बटण दाबलं. चालली! सोयाबीन दिसलं, वैष्णवीनं एक पान दाखवलं, मशीननं सांगितलं, तांबेरा. बरोबर होतं, मी पण बघितलं होतं ते पान. मला वाटलं, चला, माणूस कामाचा आहे. मशीन बंद करून ठेवली. मी शिरा केला, तूप सोडलं, ताट वाढलं. जावई खोलीबाहेर हात धुवायला गेले. खोलीत वायरींचा नुसता पसारा पडलेला. मी आवरलं, टेबल पुसलं, डब्बा पुसला, माझी भजनं जागेवर खोचली.

जावई जेवायला बसले. वैष्णवी म्हणाली, मामा, एकदा मी चालू करून बघू? आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामा म्हणते, आणि ते सासूला, म्हणजे मला, मामी म्हणतात. ते म्हणाले, दहा वेळा कर.

तिनं केलं. काळी.

जावयांचा शिऱ्याचा घास हातातच राहिला. उठले, येऊन बघितलं. मागच्या सगळ्या वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. बटण दाबलं. काळी. बटणांची पाटी बदलली. काळी. डब्बा कानाजवळ घेऊन ऐकला. त्यांच्या कपाळावर घाम. म्हणाले, "मामी, तुमच्या घरात लाइटचा काही घोटाळा हाय. आर्थिंग नसंल."

म्हणजे बघा! डब्बा त्यांचा, दुरुस्ती त्यांची, आणि घोटाळा माझ्या घरात! मी पदराचं टोक दातात धरलं. अहो, खरंच धरलं, जीभ आवरायला. तेवढ्यात वैष्णवी भिंतीला टेकून खाली बसली. रडली पण न्हाई. म्हणाली, एकच दिवस राहिला. अगदी कोरडं म्हणाली. तिच्या बापानं तिला लातूरला ठेवायला काय काय केलं ते मला मालूम आहे. आणि तिनं ते दोन महिने उन्हातान्हात पानांपुढं उकिडवं बसून फेडलं होतं.

जावई म्हणाले, डब्बा नांदेडलाच नेतो. सोमवारी सकाळी थेट लातूरला आणतो, तुमच्या लाइटला लावायलाच नको. ते डब्बा बांधेपर्यंत मी माझी भजनं काढून घेतली. जावई अर्धा शिरा ताटात ठेवून गेले. जावई ताटात टाकून उठला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्याचापण राग मला त्यांचाच आला.

सोमवारी मी पण निघाले. सुभाष म्हणाला, तू कशाला? मी म्हणलं, मला बघायचंय हा माणूस काय करतो ते. जावई कुणाची तरी जीप घेऊन आले होते. मागच्या सीटवर डब्बा, गोधडीत गुंडाळलेला, आणि त्याच्या शेजारी मी. लोह्यापासून लातूरपर्यंत रस्ता म्हणजे, जाऊ द्या. मी डब्ब्याला हात लावून बसले, दुसऱ्या हातात स्पीकर. भजनं लावली, कारण जावयांशी बोलायची माझी इच्छा नव्हती आणि गप बसायची सवय न्हाई. अहमदपूर गेलं तसं त्यांनी म्हणलं, मामी, आवाज जरा कमी करता का? मी बंदच करून टाकला. पेनड्राइव्ह उपसून पिशवीत टाकला. एवढा राग.

कॉलेज मोठं. खोलीत टेबलं मांडलेली, पोरंपोरी आपापल्या मशीनसमोर. एक सर होते, आणि बाहेरून आलेल्या त्या मॅडम. चष्मा, हातात कागद, चेहरा असा की ह्यांनी लहानपणीपण कधी कुणाला सूट दिली नसेल. मला त्या आवडल्या. जावयांनी डब्बा ठेवला, वायरी लावल्या, चालू केला. चालला! वैष्णवीनं पान दाखवून बघितलं, रोग सांगितला. जावयांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

सर म्हणाले, नंबर यायला वेळ आहे, बंद करून ठेवा, गरम नको व्हायला. वैष्णवीनं बंद केला. मला टेबलापाशीच खुर्ची दिली. बसल्या बसल्या मला सुपारी आठवली. पिशवीत हात घातला तर सुपारीआधी भजनंच हाताला लागली. म्हणलं, एवढ्या गर्दीत पिशवीतून पडली तर केरात जाईल, लातूरच्या केरात कुठं शोधू? समोर डब्बा होताच. आपलाच डब्बा.

मॅडम आल्या. नाव विचारलं, गाव विचारलं, म्हणाल्या, दाखव. वैष्णवीनं बटण दाबलं.

काळी स्क्रीन. पांढऱ्या दोन ओळी.

मॅडमनं घड्याळ बघितलं. वैष्णवीनं जावयांकडं असं बघितलं की मला माझी लेक लहानपणी विहिरीच्या काठावरून भिऊन बघायची तसं वाटलं. आणि सहा दिवसांचं दावं तुटलं.

"जावईबापू, सहा दीस मी तोंड शिवून बसले. जावई म्हनून! शिरा चारला तुम्हाला मी. तुम्हाला हे काम येत न्हाई, तर न्हाई म्हना ना. तुमच्या हाताखाली चालती, तुमी हात काढला की मरती. काय काढून घेतलं आतून? चांगलं काढून जुनं घातलं का आमच्या डब्ब्यात? ह्या पोरीचं साल गेलं तर तुमच्या दारात येऊन बसंन मी, आन मला बसायची सवय हाय, इचारा कुनालाबी!"

सगळ्या पोरांच्या माना वळल्या. सर "अहो आजी, अहो आजी" म्हणून राहिले. पोटच्या पोरासारखा माणूस, मान खाली घालून उभा राहिला. कान लाल झाले. एवढ्या लोकांत मी त्यांना चोर म्हणलं होतं, आणि ते मला एका शब्दानं उलटले न्हाईत.

मॅडम मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या डब्ब्याकडं बघत होत्या. चष्मा वर केला, वाकल्या आणि समोरच्या भोकाला बोट लावलं.

"हे कुणाचं आहे?"

मी ठसक्यात सांगितलं, "माझं हाय. राहू द्या तितंच, हरवतंय."

वैष्णवीनं डोळे मिटले. जावयांनी मान वर केली. मॅडमनं माझी भजनं उपसली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता कर चालू."

चालली. सोयाबीन डोलायला लागलं.

वैष्णवी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, तू घरीबी हे तितंच लावती?" मी म्हणलं, लावत न्हाई, ठेवते. लावणं वेगळं, ठेवणं वेगळं. पण माझा आवाज मलाच बारीक वाटला.

तरी मी हार मानली न्हाई. मी मॅडमना म्हणलं, वरीस झालं मी तिथंच ठेवते, तेव्हा कधी बंद पडली न्हाई, धुरा हलवला तेव्हाच पडली. त्याचं काय? मला वाटलं, आता सापडले हे लोक.

जबाब जावयांनी दिला. शांतपणे. म्हणाले, मशीन आधी चालू व्हायची तेव्हा सरळ आपल्या घरात बघायची. धुरा सरकवायच्या दिवशी आम्ही तिला हुकूम दिला, की आधी दारात पेनड्राइव्ह आहे का ते बघ, असेल तर त्यालाच विचारून चालू हो. काम झालं, आमचा पेनड्राइव्ह निघाला, पण हुकूम तसाच राहिला. आता ती दर वेळी दारात बघती, दारात तुमची भजनं उभी. ती भजनांना विचारती, कशी चालू होऊ? भजनांना काय मालूम?

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हंजे हुकूम मागं घ्यायचा तुमी इसरलात!"

"हाव मामी," जावई म्हणाले. "ते माझंच चुकलं."

झालं. एवढाच एक दगड माझ्या हातात राहिला होता, तोपण त्यांनी माझ्या हातातून अलगद काढून घेतला. जो माणूस आपली चूक कबूल करतो त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच न्हाई. माझा दीर असता तर अजून चार साल चाललं असतं.

मी उठले. लोकांत बोलले होते, म्हणून लोकांतच बोलावं लागणार होतं. गुडघे दुखत होते, तरी उभी राहिले. म्हणलं, जावईबापू, तुम्हाला मी नको ते बोलले. तुमचा हात चांगला हाय, माझं डोकं खराब हाय. पोरं ऐकून राहिली होती. जावई गडबडले, म्हणाले, मामी बसा, बसा. मला बसवलं, पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्याले, आणि खरं सांगू? तेव्हापण मला राग आलेलाच होता. फक्त तो कुणावर ठेवू ते कळेना. सगळ्यांना एकेक करून आठवलं, सगळे निर्दोष निघाले. फिरून फिरून तो माझ्याच अंगावर यायला लागला, आणि मला त्याची सवय न्हाई.

तिकडं वैष्णवीची परीक्षा सुरू झाली होती. मॅडमनं पिशवीतून सोयाबीनचं एक पान काढलं, आपलं आपण आणलेलं. पोरीनं ते मशीनला दाखवलं. मशीननं सांगितलं, पिवळा मोझॅक. मॅडमनं कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरं पान काढलं. मशीननं सांगितलं, रोग न्हाई, निरोगी. पुन्हा लिहिलं. पोरगी पटापट जबाब देऊन राहिली होती, इंग्रजीतपण. मला काही कळत नव्हतं, पण तिच्या मानेकडं बघून कळत होतं, मान ताठ होती. जावई तिच्या मागं उभे, हात बांधून. मधूनच मान हलवायचे.

शेवटी मॅडमनं पेन उचललं आणि सगळ्या पोरांना विचारतात तो शेवटचा प्रश्न विचारला, मराठीतच. म्हणाल्या, हे काम करताना तुला सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?

मला वाटलं, आता ही फोटोंचं सांगेल, उन्हाचं सांगेल, न्हाईतर सी आणि डीचं सांगेल. तिनं विचार केला, हळूच माझ्याकडं बघितलं, पुन्हा मॅडमकडं बघितलं.

"आजी," ती म्हणाली.

सगळी खोली हसली. जावई तर तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं वळले, सहा दिवसांत पहिल्यांदा हसलेले दिसले. आणि त्या मॅडम, ज्यांनी कधी कुणाला सूट दिली नसेल, त्यांनी मान हलवली आणि "बरोबर" म्हणून माझ्या नातीला त्या प्रश्नाचे पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले!